होडीला पिवळा रंग, सकाळी नऊ ते अकरा

आमच्या मालवणात होडीला रंग मारणं म्हणजे एका दिवसाचं काम. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी होडी वाळूवर ओढायची, शेवाळ खरवडायचं, तारेच्या ब्रशने वरवर घासायचं, बाजारातून ऑइलपेंटचा डबा आणायचा आणि संध्याकाळपर्यंत होडी चकाचक. वर्षभरात रंग उडाला तर उडाला, पुढच्या वर्षी पुन्हा डबा. आमच्या एकोणीस फुटी फायबरच्या होडीवर हेच चालत आलं होतं. ही होडी धंद्याची नाही. खाडीत गरवायला जायचं, कधी पाहुण्यांना घेऊन संगमापर्यंत एक फेरी मारायची, एवढाच तिचा उपयोग. यंदा मात्र मी ठरवलं की एकदाच नीट करायचं: जुना रंग मुळापासून काढायचा, दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन, बेस आणि हार्डनर मिसळून लावायचा रंग) लावायचा आणि पुढची काही वर्षं ब्रशला हात लावायचा नाही.

आबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "रंग मारतंस की होडयेचा लगीन लावतंस?"

धंद्याची होडी असेल तर रंग बदलण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला विचारून घ्यावं. मासेमारी नौकांना राज्यागणिक रंग ठरवून दिलेले आहेत. केरळच्या बोटी पाहिल्या असतील, खाली गडद निळा आणि वर नारंगी केबिन, तो त्यातलाच प्रकार. समुद्रात लांबून बोट कुठली ते तटरक्षक दलाला कळावं हा त्यामागचा हेतू.

आता रंग कुठला, हा घरातला प्रश्न. पुतण्याला गडद निळा हवा होता, फोटोत छान दिसतो म्हणून. दिसतो खरा, पण फायबरवर गडद रंगाचे दोन तोटे आहेत. एक, उन्हात तो इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि साध्या पॉलिएस्टर रेझीनची होडी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. आतल्या मॅटची, म्हणजे काचेच्या तंतूंच्या थराची, वीण मग बाहेरून उठून दिसते आणि कोपऱ्यांना केसासारख्या भेगा जातात. दोन, गडद आणि चकचकीत रंग पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर मांडतो. पांढऱ्यावर जे दहा फुटांवरून कळत नाही ते निळ्यावर शेजारच्या वाडीतून कळतं. मी पिवळा ठरवला. तापत नाही आणि पावसाळी आभाळाखाली लांबून दिसतो. खाडीच्या तोंडाशी मोठ्या बोटींची ये-जा असते, तिथे आपण दिसणं महत्त्वाचं.

पिवळ्याचीही एक खोड आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. शिसं असलेले जुने पिवळे रंग एका हातात खालचं झाकायचे. आताचे बिनशिशाचे पिवळे झाकत नाहीत. करड्या प्रायमरवर मारला तर चक्क हिरवट दिसतो. म्हणून प्रायमर पांढरा घ्यायचा आणि पिवळ्याचा एक हात जास्तीचा धरायचा. बाहेरून सगळी होडी मोजली तर चौदा-पंधरा चौरस मीटर भरली, त्यातला पाणरेषेच्या वरचा भाग नऊच्या आसपास. लिटरमागे एका हाताला नऊ-दहा चौरस मीटर निघतात. म्हणजे वरच्या भागाच्या चार हातांना चार लिटरचा सेट पुरतो, जेमतेम.

पाणरेषा होडी पाण्यात असतानाच खुणावून ठेवली, नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक खूण आणि मागच्या फळीवर दोन्ही बाजूंना एकेक. मग सात-आठ जणांनी हैसा करत होडी खळ्यात, म्हणजे अंगणात, आणली आणि जुन्या टायरांवर उपडी घातली. जागेचा विचार मी बराच केला होता. आंब्याखाली सावली चांगली, पण माघात आंबा मोहोरलेला असतो आणि मोहोरावर तुडतुडे. ते वरून जो चिकटा गाळतात त्याचा थर पानांवर, दगडांवर, खाली ठेवलेल्या कशावरही बसतो, आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. माडाखाली नारळ पडायची भीती. राहिलं खळं. दिवाळीनंतर घातलेला चुडतांचा माटव (झावळ्यांचा मांडव) होताच, त्याच्या आतून प्लॅस्टिक ताणून बांधलं, म्हणजे वरून कचरा आणि पालींची कृपा होणार नाही. खळं शेणाने सारवलेलं, त्यामुळे लाल मातीची धूळ उडत नाही. शहरातले लोक यासाठी जमिनीवर पाणी मारतात. इथे पाणी मारलं तर हवा आणखी दमट होते, आणि हवेचा दमटपणा हाच या सगळ्या कामातला खलनायक. त्याच्याकडे येतोच.

आधी जुना रंग. खाली काय आहे ते ओळखायची सोपी परीक्षा आहे: चिंधीला थिनर लावून दोन मिनिटं एका जागी दाबून धरायची. रंग मऊ होऊन चिंधीला लागला तर तो एका डब्याचा ऑइलपेंट. त्यावर पीयू चालत नाही, त्यातले कडक थिनर खालच्या थराला उठवतात आणि सगळं सुरकुततं. आमच्या होडीवर असे किती थर होते देव जाणे. स्क्रॅपर लावला तर कडेला पट्टे दिसायला लागले: वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली निळा, मग पुन्हा पांढरा, आणि तळाशी कारखान्यातून आलेला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा मूळ गुळगुळीत थर, खडूसारखा भुकटी झालेला. हिरव्या थरात आबांच्या हाताने लिहिलेलं जुनं नाव निघालं, त्यातला एक काना उलटा. आबांनी ते वाचलं आणि "खरवड, खरवड" म्हणाले.

बाजारात रंग काढायचं जळजळीत रसायन मिळतं. ते लोखंडासाठी ठीक. फायबरवर ते रंग कुठे संपला आणि रेझीन कुठे सुरू झालं हे ओळखत नाही, जेलकोटही खातं. म्हणून स्क्रॅपर आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर. कामाचा निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा मास्क हे हवंच, फायबरची धूळ फुप्फुसात नको आणि चामडीतही नको. आंघोळ गार पाण्याने, गरम पाणी घेतलं तर खाज आत मुरते असं फायबरवाले सांगतात. मी वाद घालायला गेलो नाही.

घासण्याआधी पुसणं, हा क्रम मात्र उलटा होता कामा नये. नवी होडी साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं जेलकोटला चिकटून राहतं. त्यात आपल्याकडे खोबरेल तेलाचे हात, इंजिनाचं ऑइल, माशांची चरबी. हे न पुसता पेपर मारला की तेल-मेण ओरखड्यांत ठासून बसतं आणि नंतर रंगात बारीक बारीक डोळे पडतात. दोन चिंध्या घ्यायच्या, एक थिनरची ओली आणि मागोमाग दुसरी कोरडी. कोरडी चिंधी थिनर उडायच्या आत फिरली पाहिजे, नाहीतर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. झालं की नाही ते पाण्याने कळतं. एक तांब्या पाणी ओतायचं. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, अळवावरच्या पाण्यागत थेंब बांधून पळालं तर पुन्हा पुसा.

तळ वाळूवर ओढून ओढून कण्याशी झिजला होता, मॅट उघडी पडली होती. फायबरवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, रेझीन मारून मॅट टाकतो, दुपारपर्यंत मोकळा. त्याचं काम चांगलं असतं. रेझीनमध्ये आधी कोबाल्ट ढवळणार आणि मगच हार्डनर घालणार, दोन्ही बाटल्या कायम लांब लांब ठेवणार. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, हे त्याने पोरांना पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण जुन्या, पक्क्या झालेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर तितकं घट्ट बसत नाही. एपॉक्सी बसतं. म्हणून मी एपॉक्सीचा आग्रह धरला आणि मॅटऐवजी विणलेलं काचेचं कापड आणलं, कारण चॉप मॅटमधला चिकटवा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि एपॉक्सीत तसाच राहतो, मॅट नीट भिजतच नाही. हे त्याला पटलं. किंमत ऐकल्यावर पुन्हा पटेनासं झालं.

तीच गोष्ट लांबीची, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीची. गाडीवाले जी लांबी भरतात ती पॉलिएस्टरची, पाणी धरते. पत्र्याच्या दारावर चालते, पाण्याखालच्या फायबरवर नाही. तिथेही एपॉक्सीचीच.

एपॉक्सीचा एक त्रास दमट हवेत हमखास होतो. सुकल्यावर वर मेणचट, बोटाला चिकट लागणारा पापुद्रा येतो. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून तो बनतो. थेट पेपर मारला तर पेपर दोन मिनिटांत चोंदतो आणि तो पापुद्रा पसरतो. उपाय फुकटचा आहे, साधं गोडं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी. धुवा, वाळू द्या, मग घासा.

होडी आतून ओली आहे का हेही बघितलं. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने तळाला बंद करून ऊन लागेल असा ठेवायचा. आतून बाष्प धरलं तर फायबरने पाणी प्यायलंय. आमच्या होडीला मागच्या बाजूला थोडं धरलं. आणखी काही दिवस उन्हात ठेवली आणि आबांचा तोल सांभाळला.

प्रायमरचे दोन हात झाले, त्यावर 220 आणि मग 320 नंबर. आता पीयू, आणि इथे मावसभाऊ आला. तो गाड्या रंगवतो. त्याचं म्हणणं: "दादा, स्प्रे गन मारूया. धा मिनटात काम. ब्रशच्या रेघा कित्याक?"

गनने रंग काचेसारखा बसतो हे मला मान्य. पण दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचा धुरळा होतो आणि तो श्वासात गेला तर दमा लागू शकतो, तोही असा की पुढे नुसत्या वासालाही छाती भरून येते. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आमच्या खळ्याला लागून शेजाऱ्यांची पडवी, पलीकडे विहीर. गन मी नाही म्हटलं. रोलर आणि ब्रशने धुरळा उडत नाही, तरी मी दोघांनाही रसायनांच्या काडतुसांचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घालायला लावले. तो त्याच्या गॅरेजात बिनमास्कचा गन मारतो. यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता दमटपणा. रंगाच्या कागदावर दोन आकडे असतात जे आपण वाचतो आणि सोडून देतो: आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली, आणि पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या) निदान तीन अंश वर. मी स्वस्तातलं तापमान-आर्द्रता दाखवणारं यंत्र माटवाच्या खांबाला टांगलं. माघातल्या सकाळी सातला ते 22 अंश आणि 92 टक्के दाखवायचं. दवबिंदू साडेवीसच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड अंशाचं अंतर. होडीवर हात फिरवला तर ओला. साडेनऊला 27 अंश आणि 70 टक्के, दवबिंदू एकवीस, सहा अंशांचं अंतर. आता मारता येतो.

पण मारायचा कधीपर्यंत? अकराच्या पुढे हवा तिशी ओलांडते. रोलर फिरवला की कडा एका मिनिटात ओढते आणि पुढचा पट्टा तिच्यात मिसळत नाही. थिनर वाढवून थोडं भागतं, सगळं नाही. शिवाय तोपर्यंत जमिनीवरचा मतलई वारा पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ओल्या रंगावर मीठ बसलं की पुढच्या हाताखाली ते तसंच राहतं आणि पाण्यात गेल्यावर तिथे फोड येतात. बरं, संध्याकाळी मारावा तर रंग कच्चा असताना दव पडतं आणि सकाळी चमक मेलेली. याचंही कारण हार्डनरच. आयसोसायनेटला बेसमधल्या रेझीनशी जुळायचं असतं, पाणी मिळालं की ते पाण्याशीच जुळतं आणि वायूचे बुडबुडे सोडतं.

म्हणजे चोवीस तासांतले कामाचे तास सकाळी नऊ ते अकरा. बाकी सगळं घासणं, धुणं आणि वाट पाहणं. परदेशातले लोक हेच काम दुपारभर आरामात करतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे दुपारी रोलर हातात घ्यायचा नाही.

दोन माणसं लागतातच. मी रोलर, तो ब्रश. रोलर चार इंची, फोमचा, बारीक छिद्रांचा आणि थिनरने विरघळणार नाही असा (घेताना एक तुकडा थिनरमध्ये बुडवून बघावा). मी फूट-दीड फुटाचा पट्टा पाणरेषेपासून खाली काठापर्यंत पातळ लावायचा, तो लगेच मागून ब्रशच्या फक्त टोकाने, जवळजवळ वजन न देता, वरून खाली एक फेर ओढायचा. रोलरने उठलेले बुडबुडे ब्रश फोडतो आणि ब्रशच्या रेघा रंग स्वतःच भरून काढतो, फक्त त्याला तेवढा वेळ मिळाला पाहिजे. एकदा पुढे सरकलं की मागे वळून बघायचं नाही. मागे एखादा केस दिसतो, चिलट बसलेलं दिसतं, हात शिवशिवतात. तिथे ब्रश टेकवला की कायमचा चट्टा. चिलट वाळल्यावर 400 नंबरने घासून निघतं. गन नाही म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या मावसभावाचा हात इतका हलका चालला की नाळीच्या वळणावरही ओघळ आला नाही.

मिश्रण थोडं थोडंच करायचं. कागदावर लिहिलेले तास गार हवेतले, आपल्या उन्हात ते निम्म्यावर येतात. बेस आणि हार्डनर वजनकाट्यावर किंवा मापाच्या भांड्यात, अंदाजपंचे नाही. हार्डनरचं झाकण ओतल्याबरोबर बंद. इथल्या हवेत ते पाच मिनिटं उघडं राहिलं तरी पुढच्या वेळी त्यावर साय धरलेली असते.

हातांच्या मध्ये रोज तोच पाढा: सकाळी गोड्या पाण्याने धुऊन मीठ आणि दव काढायचं, सुती कपड्याने कोरडं करायचं, काल लावलेल्यावर न घासता पुढचा हात मारायची मुदत टळली असेल तर 400 नंबर फिरवायचा, धूळ पुसायची, यंत्राकडे बघायचं. एका सकाळी दाट धुकं होतं, दहा वाजले तरी आकडा खाली येईना. आंबेवालेही वैतागलेले, आम्हीही. त्या दिवशी रोलर निघालाच नाही. पहिल्या हातानंतर पिवळा केविलवाणा दिसत होता, खालचा पांढरा डोकावत होता. तिसऱ्या हाताला भरला. चौथा चमकीसाठी.

आबा पडवीतून बघत होते. "ह्या काय, जेसीबी हाडलंस काय घरात?"

पाणरेषेच्या खाली पीयू नाही. होडी सतत पाण्यात राहणार असेल तर पीयूखाली पाणी शिरून फोड येतात, तिथे एपॉक्सीचेच जास्तीचे हात आणि त्यावर शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून तांब्याचा, म्हणजे तांबं मिसळलेला, रंग. रेषा मारायला गवंड्याची पाणी भरलेली नळी वापरली. उपड्या होडीच्या नाळीवरची आणि मागची खूण टायरांखाली लाकडं सरकवून एका पातळीत आणली, नळीने हातभर अंतरावर ठिपके दिले आणि चिकटपट्टी लावली. नुसत्या डोळ्याने होडीच्या फुगवट्यावर सरळ रेष येत नाही, कितीही हातखंडा असो. पट्टी रंग पूर्ण सुकायच्या आत काढायची, नाहीतर उन्हात डिंक मागे राहतो आणि कड फाटते.

तांब्याच्या रंगाबद्दल माझं मत असं: होडी खाडीत बांधून ठेवणार असाल तरच लावा. रोज वाळूवर ओढणार असाल तर तो आठ-पंधरा दिवसांत किनाऱ्यालाच लागतो, पैसे वाळूत. आमची पाण्यात राहते म्हणून लावला. घासताना तो कोरडा घासू नये, ओलाच, ती पूड विषारी असते.

हाताला कोरडा लागला तरी पीयू आतून पक्का व्हायला आठवडा घेतो. मी तेवढा थांबलो. मग पुन्हा सात-आठ माणसं, पुन्हा हैसा, या वेळी टायरांवर जुन्या गोधड्या टाकून.

खर्च ऑइलपेंटच्या चौपट झाला आणि मजुरी धरली तर आबांपुढे आकडा बोलण्यासारखा नाही. पावसाळ्यानंतर होडी बघितली: चमक तशीच आहे, फक्त जेट्टीला घासून डाव्या बाजूला वीतभर खरचटलंय. बेस डब्यात शिल्लक आहे. हार्डनर झाकण घट्ट लावूनही पावसाळ्यात दगड झाला. छोटा सेट मागवलाय. मावसभावाला माघातली एक सकाळ मोकळी ठेवायला सांगितलंय, आणि तो म्हणतो एवढ्यासाठी तरी गन मारूया.